‘छान आहे, पण यात तू काय केलंस?’

दुसऱ्याचा इंटरव्ह्यू दाराआडून ऐकणं चांगलं नाही, मान्य. पण मी ऐकलाय. सांगलीत विश्रामबागला, मावशीच्या घरी, एका मंगळवारी दुपारी. आतल्या खोलीत ताई लॅपटॉपसमोर ताठ बसलेली. बाहेर मावशीचा हुकूम: मिक्सर नाही, कुकरची शिट्टी नाही, टीव्ही बंद. आणि मी दाराला टेकून, हातात शेंगदाण्याचा लाडू.

ताई एकामागून एक स्क्रीन दाखवत होती. रंग सुरेख, आलेख सुरेख, बटणं गोल गोल आणि गोंडस. वीसेक मिनिटांनी पलीकडचा माणूस इंग्रजीत म्हणाला, मी मराठीत सांगते, “छान आहे. पण यात तू काय केलंस?”

मिक्सर बंद असलेल्या घरात शांतता फार मोठी वाटते. मग ताई म्हणाली, “आम्ही आधी रिसर्च केला. मग आम्ही डिझाइन केलं. मग आम्ही टेस्ट केलं.” त्यानंतरचा सगळा वेळ ती त्या ‘आम्ही’तून बाहेर आलीच नाही. चार दिवसांनी मेल आला. काम नीटनेटकं आहे, पण त्यातले तुमचे निर्णय कोणते ते समजलं नाही, सीनियर पदासाठी तूर्तास पुढे जाता येणार नाही.

ताई सहा वर्षं यूएक्स डिझायनर आहे. इंजिनिअरिंग सांगलीतच केलं, मग पुण्यात नोकरी. लॉकडाऊनमध्ये घरी आली आणि आजीच्या आजारपणामुळे इथेच राहिली. काम पुण्यातल्या कंपनीचं, खुर्ची सांगलीतली. नाव छापायचं नाही ही तिची अट, त्यामुळे लेखभर ती ताईच. पुढचा इंटरव्ह्यू, दुसऱ्या कंपनीतला, महिन्यावर होता. तिनं मला फोन केला. “तू मास कॉम केलंस ना? प्रश्न विचारायचे पैसे मिळतात ना तुला?” इंटर्नला किती मिळतात हा विषय मी टाळला. “मग रविवारी ये आणि मला विचार. घाम फुटला पाहिजे मला.”

असे तीन रविवार मी साताऱ्याहून सांगलीला गेले. कराड, पेठ नाका, आष्टा. पेठ नाक्याच्या पुढच्या रस्त्याबद्दल न बोललेलं बरं. तुम्ही म्हणाल, आम्ही अजून एसवायला, सीनियरच्या इंटरव्ह्यूचं आम्हाला काय? मलाही पहिल्या रविवारी तेच वाटत होतं. पण सीनियरला जे विचारतात त्याचं उत्तर आदल्या रात्री बसून तयार होत नाही. ते आधीच्या वर्षांत कुठेतरी, कुणाच्या तरी शेजारी उभं राहून गोळा केलेलं असतं.

पाटी आणि प्रवास

आधी हे यूएक्स काय ते बघू, कारण घरोघरी त्याचा अर्थ ‘ॲपला रंग देणं’ असाच लागतो. मावशी अजून शेजाऱ्यांना “ती कॉम्प्युटरवर डिझाइन काढते” असंच सांगते आणि शेजारी तिला लग्नपत्रिका करून मागतात.

एसटीचं उदाहरण घ्या. पाटीवरची अक्षरं लांबून वाचता येतात का, हे झालं यूआय. आणि गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे आजोबांना कळलं का, चढताना हातातली पिशवी कुठे टेकवायची, सुटे नसतील तर काय, रात्रीच्या अंधारात आपला फाटा आला हे कसं कळणार, हे सगळं मिळून यूएक्स. डॉन नॉर्मन 1993 मध्ये ॲपल कंपनीत गेले तेव्हा त्यांनी स्वतःच्या हुद्द्यातच ‘यूजर एक्स्पीरियन्स’ हे शब्द घातले आणि तिथून ते जगभर पसरले. स्क्रीन हा त्या अनुभवाचा एक तुकडा, एवढाच त्यांचा मुद्दा होता. तीस वर्षं झाली, आपण अजून त्या तुकड्यालाच सगळं समजतोय.

ताईनं मला गृहपाठ दिला होता. सातारा स्टँडवर तासभर उभी राहा आणि कुणालाही काही विचारू नको, फक्त बघ. पत्रकारितेत आम्हाला उलटं शिकवतात, आधी विचारा. पण मी बघितलं. माणसं पाटी वाचतात, नीट वाचतात, आणि तरी शेजारच्याला विचारतात, “ही कराड ना?” पाटी चुकीची आहे म्हणून नाही. चुकलो तर पुढची गाडी कधी आहे हे माहीत नाही म्हणून. हे मी ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “लिहून ठेव. असं एक वाक्य दहा स्क्रीनना भारी पडतं.”

किती राउंड, कसले राउंड

कंपनीगणिक फरक पडतो, पण साधारण क्रम असा असतो. पहिला फोन रिक्रूटरचा: अनुभव, पगाराची अपेक्षा, नोटीस पीरियड. मग पोर्टफोलिओ राउंड, म्हणजे तुमचीच दोन कामं घेऊन पाऊण तास ती उलगडून सांगायची. मग व्हाइटबोर्ड राउंड, तिथे एक अनोळखी प्रश्न देतात आणि तुम्ही बोलत बोलत तो कसा सोडवता ते बघतात. काही ठिकाणी याऐवजी रोजच्या वापरातलं एखादं ॲप समोर ठेवून त्यातल्या चुका काढायला लावतात. मग प्रॉडक्ट मॅनेजर आणि डेव्हलपर यांच्याशी गप्पा. त्या गप्पा नसतात, हे ध्यानात ठेवा. आणि शेवटी ज्याच्या हाताखाली काम करायचं तो माणूस.

ज्युनियरला विचारतात, हे करता येतं का? फिग्मा येतं का, स्क्रीन नीट मांडता येते का. सीनियरला हे येतं असं धरूनच चालतात. त्याला विचारतात: काय करायचं हेच ठरलेलं नव्हतं तेव्हा तू काय केलंस? काय टाकून दिलंस? कुणाशी वाद झाला? तुझं म्हणणं चुकलं कधी? आणि हुद्द्यानं तुझ्या हातात नसलेली माणसं तुझ्या मागे का आली? यातल्या एकाचंही उत्तर ‘आम्ही’नं सुरू होत नाही.

पहिल्या रविवारी मी हेच विचारत बसले. ताई प्रत्येक वेळी ‘आम्ही’ म्हणायची आणि मी टेबलावर चमचा वाजवायचे. अकरा वेळा वाजवला. मग ती वैतागून म्हणाली, “अगं, मीच मी कसं करू? शोभतं का ते?” हा प्रश्न मला फार आपला वाटला. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणणारा माणूस बढाईखोर ठरतो. कौतुक झालं तर ‘सगळ्यांच्या सहकार्यानं’ म्हणायचं, हे शाळेतल्या स्नेहसंमेलनापासून अंगात मुरलंय. स्टेजवर ते शोभून दिसतं. इंटरव्ह्यूत मात्र समोरच्याला तुम्ही दिसतच नाही.

मधला मार्ग ताईनंच काढला. टीमनं काय केलं ते एका वाक्यात, टीमचं नाव घेऊन. मग ‘त्यातला माझा भाग असा’.

दुधाची चिठ्ठी

आता खरी गोष्ट. पहिल्या इंटरव्ह्यूत ताईनं जे आलेख दाखवले ते एका दूध संकलनाच्या ॲपचे होते. शेतकऱ्यांना आपलं दूध, फॅट, पैसे मोबाइलवर दिसावेत म्हणून केलेलं ॲप. दूध घालणाऱ्यांच्या घरातले असाल तर तुम्हाला माहीत आहे: सकाळी किटली घेऊन डेअरीत जायचं, माप, फॅट लागतो, एसएनएफ लागतो, चिठ्ठी मिळते आणि दहा दिवसांनी बिल. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून दर बोलला जातो. पॉइंट घसरला की दर घसरतो. त्या एका पॉइंटवरून घरात भांडणं होतात.

मी सहज विचारलं, “तू गेलेलीस का डेअरीत?”

“गेले ना. वाळवा तालुक्यात. चार दिवस, पहाटे साडेपाचला.”

“मग हे काल का नाही सांगितलंस त्यांना?”

“त्यात सांगण्यासारखं काय आहे?”

मी चमचा खाली ठेवला.

मग ती सांगायला लागली आणि आम्ही दोघी चहा विसरलो. दूध घालायला बहुतेक बायका येतात. खातं मात्र नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, आणि मोबाइल नंबरही त्याचाच. म्हणजे पॉइंट किती लागला याचा मेसेज जातो कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात, आणि गाईला पेंड वाढवायची की नाही हे ठरवते ती घरी असते. तिच्याकडे फक्त चिठ्ठी. एक बाई ती चिठ्ठी घरी नेऊन देवघरातल्या फोटोच्या फ्रेममागे खोचायची. दहा दिवसांच्या वीस चिठ्ठ्या, सकाळ-संध्याकाळच्या, क्रमानं. बिल आलं की काढायची आणि बोटं मोडत बेरीज करायची. चुकली तर सेक्रेटरीकडे जायची, चिठ्ठ्या घेऊन.

“तेव्हा मला कळलं, तिचं ॲप तिच्याकडे आहेच,” ताई म्हणाली. “आपण त्याहून वाईट काहीतरी करत होतो.”

पहिल्या स्क्रीनवर महिन्याचा आलेख होता. ताईनं तो काढायला सांगितला. त्याजागी चार आकडे: लिटर, फॅट, एसएनएफ, रुपये. शेजारी कालचे चार. खाली दहा दिवसांची बेरीज, चिठ्ठ्यांच्याच क्रमानं. आणि मेसेजसाठी दुसरा नंबर जोडायची सोय, म्हणजे घरातल्या बाईचा. आलेख विक्रीच्या टीमला प्रिय होता, कारण डेअरीच्या चेअरमनसमोर तो दाखवला की माना डोलायच्या. त्यावर तीन मीटिंगा झाल्या. शेवटी ताईनं पाच बायकांना तो आलेख दाखवतानाचा व्हिडिओ, त्यांची परवानगी घेऊन, मीटिंगमध्ये लावला. पाचांपैकी एकीनंही त्यावर बोट ठेवलं नाही. एक म्हणाली, “हे डोंगर कसले?” आलेख दुसऱ्या पानावर गेला. पूर्ण काढून टाकता आला नाही, हेही ताईनं सांगितलं.

पाचच बायका का, असं तुम्हाला वाटेल. जेकब नील्सन या तज्ज्ञानं 2000 मध्ये मांडलेला ठोकताळा आहे: पाच जणांना वापरायला लावलं की मोठ्या अडचणी बहुतेक सगळ्या वर येतात. किती टक्के लोकांना काय आवडलं हे त्यावरून सांगायचं नसतं. इंटरव्ह्यूत हा फरक ज्याला सांगता येत नाही तो पकडला जातो.

आता गंमत बघा. सहा वर्षांच्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट या मुलीनं पोर्टफोलिओत घातलीच नव्हती. घातला होता आलेख, जो तिनं स्वतः मागे ढकलला होता! का, तर तो ‘इंटरनॅशनल’ दिसतो. देवघर, चिठ्ठ्या, किटली हे सगळं तिला ‘गावाकडचं’ वाटत होतं. मला राग आला, आणि मग आठवलं की माझ्या बायोडेटात मीही गावाचं नाव न लिहिता ‘पुण्याजवळ’ लिहिलंय.

नव्या पोर्टफोलिओत पहिल्या पानावर चिठ्ठीचा फोटो आला. नाव, गाव, खाते क्रमांक झाकून. इथे एक सावधगिरी. कंपनीच्या कामाचं काय दाखवता येतं याचा करार असतो, तो वाचा आणि शंका असेल तर विचारा. ताईनं डेअरीचं नाव, खरे आकडे काढले आणि ‘हे बदललेले आहेत’ असं तिथेच लिहिलं. दुसऱ्यांचं गुपित सहज उघडं करणारा उमेदवार उद्या आमचंही करील, हे समोरच्याच्या डोक्यात येतंच.

आयर्विनला किती फूट?

दुसरा रविवार व्हाइटबोर्डचा. व्हाइटबोर्ड नव्हता, मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पाठ होती. मी प्रश्न दिला: पुराची सूचना देणारी सोय कर. वेळ चाळीस मिनिटं.

सांगलीत हा प्रश्न टाकणं म्हणजे जखमेवर बोट. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेलं होतं. इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. आजी तेव्हा गावभागातल्या जुन्या घरात होती. 2021 ला पुन्हा पाणी आलं, त्यानंतर मावशीनं तिला विश्रामबागला आणलं.

ताईनं आधी नकाशा काढला. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा, साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णा, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना. वर 105 टीएमसीचं कोयना धरण. तिथून सोडलेलं पाणी सांगलीत यायला वेळ लागतो, म्हणजे आपल्याकडे काही तास आहेत, असं म्हणत तिनं मोबाइलची चौकट काढली आणि आत लिहिलं ‘विसर्ग: क्युसेक’.

आजी पलंगावरून बघत होती. म्हणाली, “क्युसेक-बिसेक काय करायचंय? आयर्विनला किती फूट ते सांग की. आणि आमच्या गल्लीत कधी येणार ते.”

ताईचा पेन थांबला.

आजीला विचारत गेलो तसं निघत गेलं. गावभागातल्या प्रत्येक घराला आपला आकडा पाठ असतो. अमुक फुटाला कोपऱ्यावर पाणी, तमुक फुटाला आपली पहिली पायरी. जुनी माणसं पायरीवरच्या खुणेवरून बोलतात. आजी आकडा ऐकून ठरवायची: आता गाद्या माळ्यावर, आता धान्याचे डबे, आता निघायचं. म्हणजे तिला माहिती नको होती, पुढचं काम कोणतं ते हवं होतं. आणि वीज गेल्यावर, फोन बंद पडल्यावर तुमचं ॲप काय करणार, हाही तिचाच प्रश्न. 2019 मध्ये तिला बाहेर पडा म्हणून सांगितलं ते शेजारच्या मुलानं, दार ठोठावून.

ताईनं मोबाइलची चौकट खोडली. कॅलेंडरच्या पाठीवर शेवटी जे उरलं त्यात ॲप नव्हतंच. वीज जायच्या आधी पोचणारा साधा मेसेज, त्यात फूट आणि गल्लीचं नाव. भोंगा लावलेली रिक्षा. आणि प्रत्येक गल्लीत दार ठोठावणारी दोन ठरलेली माणसं, ज्यांच्याकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी. प्रशासन यातलं काही आधीपासून करतंच. डिझायनरनं नवीन काही काढलंच पाहिजे असं नाही, असलेल्याची साखळी कुठे तुटते ते दाखवलं तरी ते डिझाइनच. व्हाइटबोर्ड राउंडमध्ये चित्र सुंदर आलं की नाही याला फार किंमत नसते. तुम्ही पेन उचलायच्या आधी किती प्रश्न विचारता आणि नवी गोष्ट कळल्यावर आपलंच चित्र खोडता का, हे बघतात. आजीला कुठल्याही पॅनेलवर बसवा, असं माझं मत आहे.

ऊकार कापला गेला

एक छोटा किस्सा, पण ताईला तो इंटरव्ह्यूत खूप उपयोगी पडला. डेअरीच्या ॲपवर बटणाची उंची इंग्रजी अक्षरांच्या हिशेबानं ठरलेली होती. मराठी मजकूर आला तेव्हा खालचा ऊकार कापला गेला आणि ‘दूध’चं ‘दध’ झालं. डेव्हलपर म्हणाला, कळतंय की लोकांना. ताईनं वाद घातला नाही, त्याचं नाव एका बटणावर टाकून, त्यातला ऊकार कापून त्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या ॲपमधली ओळींची उंची वाढली.

देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, म्हणजे ओळीला जागा जास्त लागते. कॅपिटल अक्षरं नसतात, त्यामुळे ‘मोठ्या लिपीत लिहिलं की महत्त्वाचं’ ही इंग्रजी युक्ती इथे चालत नाही. हे ज्यांनी आयुष्यभर शिकवलं त्यांत र. कृ. जोशी यांचं नाव तुम्हाला माहीत हवं. ते आयआयटी मुंबईच्या आयडीसीत प्राध्यापक होते, आणि विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट त्यांनी घडवलेला. आयडीसी 1969 पासून आहे. तिथे पदवीसाठी यूसीड आणि पदव्युत्तरसाठी सीड ही परीक्षा द्यावी लागते, हे जाता जाता. पण ताईसारखे इंजिनिअरिंगमधून, कुणी फाइन आर्टमधून, कुणी सायकॉलॉजीतून आलेले डिझायनरही भरपूर आहेत. पदवीपेक्षा चिठ्ठीचा फोटो बोलतो, निदान मी पाहिलं त्यात.

‘नको’ म्हणायचा प्रश्न

तिसऱ्या रविवारी मी ताईला अडवायचं ठरवून गेले. विचारलं, “समज तुझा प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतो, तिकीट घेताना विम्याच्या चौकोनात आधीच टिक करून ठेव, कमाई वाढेल. तू काय करशील?”

“नाही म्हणेन.”

“मग तो म्हणेल, सगळे करतात.”

इथे तत्त्वं सांगून चालत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 ला ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात 13 प्रकार नावानिशी दिलेत. ग्राहकाला न विचारता टोपलीत वस्तू घालणं हा त्यातलाच. ‘फक्त 2 शिल्लक’ अशी खोटी घाई, सदस्यत्व घेणं सोपं आणि सोडणं अशक्य, ‘नको, मला सुरक्षित राहायचं नाही’ असं लाजवणारं बटण, हेही त्यात आहेत. तुम्ही यातल्या निम्म्यांना या आठवड्यात भेटला असाल. ताईनं शेवटी बसवलेलं उत्तर असं: आधी नियम सांगीन, मग विमा घेऊन नंतर तक्रार करणाऱ्यांचा आणि पैसे परत मागणाऱ्यांचा आकडा सपोर्ट टीमकडून मागीन, आणि टिक न केलेली पण फायदा एका ओळीत नीट सांगणारी दुसरी रचना करून पुढे ठेवीन. नुसतं ‘नको’ म्हणणारा माणूस मीटिंगमध्ये एकटा पडतो. हे तिला आलेखाच्या तीन मीटिंगांनी शिकवलं होतं.

दोन गोष्टी घाईत सांगते. काही कंपन्या घरी करायला असाइनमेंट देतात. चार तासांचं म्हणून दिलेलं काम चार दिवस खातं, आणि पैसे नाहीत. किती तास अपेक्षित आहेत आणि हे काम तुम्ही वापरणार का, हे दोन्ही आधी विचारा. एका ठिकाणी ताईला कंपनीचा चालू प्रकल्पच फुकटात सोडवायला दिला होता. तिनं नम्रपणे नकार दिला. ती नोकरी गेली, झोप राहिली.

दुसरं म्हणजे इंग्रजी. आपल्या भागातल्या निम्म्या भीतीचं मूळ तिथे आहे. ताईची युक्ती अशी की गोष्ट आधी मराठीत मोठ्यानं सांगायची, रेकॉर्ड करायची, मग छोट्या छोट्या वाक्यांत इंग्रजीत आणायची. एका वाक्यात एकच क्रियापद. ‘किटली’ला इंग्रजी शब्द शोधत बसायचं नाही, किटली म्हणायचं आणि हातानं दाखवायचं.

आणि एक जे मी मॉक इंटरव्ह्यूत विचारायला विसरले, पण कुठल्याशा कंपनीतल्या रिक्रूटरनं तिला खरंच विचारलं होतं: लग्नाचा काय विचार आहे? सांगलीतच राहणार का मग? तेव्हा ती हसून टाळून गेली आणि नंतर दोन दिवस स्वतःवर चिडत होती. आता तिचं उत्तर ठरलंय. “पुण्याला महिन्यातून किती दिवस यावं लागेल ते सांगा, मी त्यावर बोलते.” आजीची औषधं, डायलिसिसचे वार, कुणी सोबत असायला हवं, हे सगळं त्या एका ‘किती दिवस’मध्ये आहे. ते त्यांना सांगायचं की नाही हे तिचं ती ठरवील.

पुण्यात, प्रत्यक्ष

खरा इंटरव्ह्यू शेवटच्या टप्प्यात पुण्याला प्रत्यक्ष होता. ताई पहाटेच्या गाडीनं सांगलीहून निघाली, साताऱ्यात गाडी दहा मिनिटं थांबते तेवढ्यात मी स्टँडवर जाऊन तिला कंदी पेढ्यांचा पुडा दिला. तिनं विचारलं, “पॅनेलला देऊ?” मी म्हटलं, “नको गं, तू खा.”

संध्याकाळी परतताना तिनं फोनवर सगळं सांगितलं. चिठ्ठीवर पंचवीस मिनिटं गेली. त्यातल्या एकीनं आपल्या आजोळच्या डेअरीची गोष्ट सुरू केली, ती तिला बाकीच्यांनी आवरायला लावली. ‘तू चुकलीस कधी?’ यावर ताईनं सांगितलं की दुसरा नंबर जोडायची सोय तिनं केली खरी, पण एका घरात त्यावरून भांडण झालं, बायकोला मेसेज कशाला म्हणून. हे होईल असं आपल्याला आधी सुचलं नाही. मग ती सोय डेअरीच्या सेक्रेटरीमार्फत, घरातल्यांशी बोलून सुरू करायची पद्धत ठेवली, आणि तिनं वापर कमी झाला हेही सांगितलं. ‘मी’ किती वेळा म्हणालीस, असं मी विचारलं. तिनं मोजले नव्हते.

शेवटी त्यांनी विचारलं, तुला आम्हाला काही विचारायचंय? ताई म्हणाली, “गेल्या सहा महिन्यांत डिझायनरनं नको म्हटलं म्हणून तुमच्याकडे थांबलेली एखादी गोष्ट सांगाल?”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग डेव्हलपर बोलायला लागला आणि प्रॉडक्ट मॅनेजरनं त्याला मध्येच दुरुस्त केलं. दोघांची थोडी जुंपलीच. ताई म्हणाली, ते ऐकायला मजा आली.

निकाल अजून आलेला नाही. पुढच्या आठवड्यात कळवू म्हणालेत. ताईनं मला परत रविवारी बोलावलंय, यावेळी पगाराचं बोलणं कसं करायचं त्याची तालीम आहे. आजी म्हणते, तिला कंपनी मी होते.